डेड स्टॉक

अर्ज माझ्याच टेबलावर आला, आवक शिक्क्यासह.
विद्यार्थी उपक्रम निधी, मागणी रुपये साडेसात हजार फक्त.
विषय: वंशसंहार, जनजागृती.
खाली तीन सह्या. मुबीना नाखवा, शांभवी कुबल,
आणि एक डिसोजा, ज्याचं पहिलं नाव मला लागलं नाही.

समितीत विचारलं गेलं, मालवणचा याच्याशी काय संबंध?
गेल्या वर्षी याच पैशांतून रांगोळी झाली,
त्याआधी कासव वाचवा. कासवाचा निदान संबंध होता,
ते आपल्याच वाळूत अंडी घालतं.
मुबीना म्हणाली, खरंय सर, रवांडाला किनाराच नाही.
कोणी काही बोललं नाही.
मग बिस्किटं आली,
आणि पाच हजार मंजूर झाले.

शंभर दिवस, आठ लाख माणसं.
सवयीने मी कॅल्क्युलेटर ओढला: दिवसाला आठ हजार.
बुधवारी सकाळी सुरू केलं असतं
तर शुक्रवारी संध्याकाळी
मालवणात दिवा लावायला कोणी नसतं.
पुन्हा भागाकार केला. तोच आला.

पोरांना माणशी एक शिंपली हवी होती.
देऊळवाड्यापासून दांडीपर्यंत सांगत फिरली,
तिसऱ्या खा, शिंपल्या टाकू नका.
व्हाउचर एक: पोती, बारा नग.
दोन: ब्लीचिंग पावडर.
तीन: रिक्षा, पावती नाही.
दांडीवर जयवंती तांडेलने विचारलं,
इतक्यांचो चुनो करूचो आसा काय गे?
शांभवीने सांगितलं काय करायचंय ते.
ती जाळं विणत राहिली.
दुसऱ्या दिवशी गेटवर बादली, धुऊन आणलेली.
माका मोजूक येणा नाय, म्हणाली, तुमीच मोजा.

जिमखान्यात रोज पाच ते सात मोजणी.
तिसऱ्याच दिवशी भांडण.
शिंपलीच्या दोन फाका,
त्या एक धरायच्या की दोन?
दोन धरू, लवकर होईल, शांभवी म्हणाली.
उघडायच्या आधी ती एकच होती, डिसोजा.
मी सही घ्यायला गेलेली, दारातच थांबले.
मुबीना एक फाक दुसरीवर बसवून बघत होती,
फिरवून, पुन्हा फिरवून,
कडा कडेत बसेपर्यंत.
मारणारे शेजारीच होते ना, ती म्हणाली,
कुणाला उद्देशून नव्हे.
पंखा फिरत होता.
यातली कुठली फाक कुणाची, ते कोणी विचारलं नाही.
त्या दिवसापासून सुट्या मोजल्या.

परीक्षा आल्या. मोजणी थांबली
एक लाख बेचाळीस हजार सहाशे सातवर.
तूट मी काढून ठेवली, मला कोणी सांगितलं नव्हतं:
सहा लाख सत्तावन्न हजार तीनशे त्र्याण्णव.
शिल्लक तीनशे चाळीस रुपये कॉलेजला परत.

मार्चअखेर ऑडिटर.
पोती बारा, कुठायत? जिन्याखाली.
आत काय? शिंपल्या.
मग डेड स्टॉकला नोंद का नाही?
प्राचार्य म्हणाले, भट्टीवाल्याला देऊन टाका, चार पैसे येतील.
शिपाई म्हणाला, वास येतो, फिनेल मारतो.
मी म्हटलं, फिनेल दुसऱ्या हेडखाली.

रजिस्टर उघडलं. वर्णन: शिंपल्या, सुट्या.
नग लिहिले, आधी अंकी, मग अक्षरी.
दराच्या रकान्यात ऑडिटरने पेन्सिलने शून्य घातला.
तो गेल्यावर खोडरबर शोधायला
मला अर्धा तास लागला.
शेवटचा रकाना, निर्लेखित केल्याचा दिनांक व सही,
तो तसाच.

रविवारी घरी तिसऱ्या होत्या.
नवऱ्याने ताट पुढे सरकवलं, टाकू का?
नको म्हटलं. धुतल्या, खिडकीत वाळवल्या,
सोमवारी डब्याच्या पिशवीतून नेल्या.
नवं वर्ष, नवं पान.
आरंभीची शिल्लक एक लाख बेचाळीस हजार सहाशे सात.
जमा, चौतीस.