सदतीस रॉड

नव्या नियमाचा फॉर्म दोन पानी आहे.
विहिरीला तो 'स्रोत' म्हणतो, मालकाला 'धारक'.
दोनशे फुटांखाली गेलेल्याला दंड,
हरकती व सूचना तीस दिवसांत.
दर फॉर्ममागे मला पंधरा रुपये.
बोरखड्यात आज चौथा दिवस,
पिशवीत शाईचा पॅड, अंगठ्यांसाठी.

रकाना सहा : खोली.
उत्रेश्वर म्हणतो, दोनशे.
अंगद सोनटक्के म्हणतो, दोनशेच की,
कायद्यात बसंल तेवढी लिव्ह.
सरपंचांच्या पाच, पाचही दोनशे.
जणू गावाखाली कुणी फरशी घातलीय
आणि सगळ्यांचं पाणी तिच्यावर येऊन थांबलंय,
प्रार्थनेच्या पोरांसारखं, रांगेत.

मी लिहितो. दोनशे. दोनशे.
हातांना मात्र वेगळं आठवतं.

तीन उन्हाळे मी रिगवर होतो,
सेल्वमच्या गाडीवर, रॉड लावायला.
एक रॉड वीस फूट.
तो तमिळमध्ये मोजायचा, मी मराठीत,
आणि दहाच्या पुढं दोघांनाही एकमेकांचं ऐकू येईना
इतका कॉम्प्रेसर किंचाळायचा.
आधी काळी माती, मग मुरूम,
मग मांजऱ्या, मग काळा, नुसता काळा,
मग अचानक विटेसारखी तांबडी भुकटी.
सेल्वम ती जिभेवर ठेवून बघायचा.
ओली लागली की आणखी एक रॉड.
कोरडी लागली तरी आणखी एकच.

उत्रेश्वरच्या बांधाला सदतीस लागले.
रात्री दोनला फवारा उडाला, विजेच्या तारेइतका.
त्यानं मला मिठी मारली, दोघंही चिखल झालो.
कुणी तरी रिगच्या चाकावर नारळ फोडला.
सातशे चाळीस फुटांवरचं ते पाणी
कोमट होतं, त्याला लोखंडाचा वास होता.
किती पिढ्यांपासून ते तिथं झोपलेलं,
कुणी विचारलं नाही.
मला तर त्या रात्रीचे तीनशे रुपये मिळायचे होते.

बांधापलीकडं शेषामावशीची विहीर.
सासऱ्यानं पहारीनं पाडलेली, दगडी कठड्याची.
पंधरवड्यात तिचा तळ उघडा पडला
आणि तळाच्या गाळात सापडली
अठरा वर्षांपूर्वी दोर तुटून बुडालेली कळशी.

आज तिच्या दारात मी, फॉर्म मांडीवर.
"मावशी, खोली?"
"बेचाळीस. चार फूट गाळ भरलाय, अडतीस लिही."
"पाणी आहे का? होय की नाही?"
ती माझ्याकडं बघत राहिली.
"तुला ठावं नाही व्हय?"

मी 'नाही'भोवती गोल केला.
उन्हानं शाई लगेच वाळली.
तिनं तीच कळशी आणली, पोचे गेलेली,
टँकरचं पाणी होतं, क्लोरीनचा वास.
"पी. उन्हाचा आलायस."
मी प्यालो.

परतताना पिंपळाच्या पारावर बसून
उत्रेश्वरचा फॉर्म पुन्हा काढला.
रकाना सहाला हात लावला नाही.
शेऱ्याच्या बोटभर जागेत
पेन्सिलीनं लिहिलं, ३७.
फूट नाही, रॉड नाही, काहीच नाही पुढं.
तहसीलात कुणाला वाटेल, वय असेल,
किंवा गट नंबराचा तुकडा,
आणि खोडरबर तर तिथं प्रत्येक टेबलावर असतं.

पिशवी बांधली. अजून अकरा घरं उरली होती.
चालता चालता उगाच आठवत राहिलो,
सदतीसला सेल्वम काय म्हणायचा.