तिसरी बाजू

आपियाच्या मैदानावर वारा समुद्राकडून, आडवा.
धावफलकाशी मी. पत्र्याचे आकडे,
सातचा एकच उरलाय,
सत्त्याहत्तर झाले तेव्हा दुसरा सात खडूने काढला.

फेरीबोटीवर तिकिटं फाडणारा तूईलोमा
आठव्या क्रमांकावर उतरतो.
बूट भावाचे. पॅड नवे, कडक,
चालतो बगळ्यासारखा.

शेवटचं षटक, नऊ हव्यात.
फिजीचा उंच पोरगा दोन चेंडू कोरे टाकतो.
नारळाखालून आजोबा ओरडतात, "फिरव!"
त्यांच्या खेळात बॅटला तीन बाजू,
मारल्यावर चेंडू कुठे जाईल
ते चेंडूलाही ठाऊक नसायचं,
आणि अख्खं गाव एकाच संघात, पाद्रीसुद्धा.
इथे अकराच. इथे एकशेवीस, मोजून.

तो फिरवतो.
कड. यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून चार.
"तिसरी बाजू!" आजोबा उभेच राहतात.

पुढे दोन, मग एक, मग काहीच नाही.
एका धावेने गेलो.

हात मिळवताना फिजीचा तो उंच पोरगा विचारतो,
उद्या सुट्टी आहे, सावाईची पहिली बोट कितीला?
सहाला, तूईलोमा म्हणतो.
सुटे पैसे आण.