चाळीस किलोमीटरच्या आत

विजेच्या बिलाच्या पाठीवर नेलिदा रेघ ओढते.
चाळीस किलोमीटरच्या आत. त्यापलीकडचं नकोच.
सकाळी जायचं, दिवस कलायच्या आत परत,
नाहीतर कोंबड्या कोण कोंडणार?

लास पिएद्रासला येऊन एकतीस वर्षं झाली.
मोरीवर भांडी घासताना, शेजारच्या पत्र्यावरून
द्राक्षमळे दिसतात, कंगव्याच्या दातांसारखे,
आणि त्यातल्या एकाही फाटकातून
ती आजवर आत गेलेली नाही.
ब्राझीलचा समुद्र दोनदा पाहिला,
चुलतबहिणीच्या लग्नाला पार सान्तियागो.
जवळच्याला कसली घाई,
ते कुठे पळून जातंय, असं म्हणता म्हणता
मागल्या हिवाळ्यात सोरियांनी मळा उपटला.
तिथे आता टायरचं गोदाम आहे.

तेव्हापासून ही यादी.

मार्चचा पहिला शनिवार: 'दोन सायप्रस'.
फोनवरची मुलगी म्हणाली, आधी नोंदणी हवी,
चार ग्लास, सोबत चीज, चीजचे वेगळे.
नेलिदाने चीज खोडलं. चीज घरचं नेऊ.

दुसरा शनिवार: इचारतेंचं तळघर.
पाटी नाही, फोन नाही. पोस्टमन सांगतो,
फाटकाशी उभं राहायचं,
कुत्रा भुंकून दमला की म्हातारा येतो.
मनात आलं तर पिंप उघडतो,
नाही आलं तर टोमॅटो देऊन परत पाठवतो.
(पिशवी घेणे.)

तिसरा शनिवार. इथे पेन्सिल थांबते.
तिसरी ती जागा, जिथला टँकर
वॉशिंग्टनने बावीस वर्षं चालवला.

नऊ हजार लिटर पाठीशी
आणि माणूस ठणठणीत कोरडा.
चालवणाऱ्याने प्यायची नसते, बस.
रविवारीसुद्धा नाही,
कारण सोमवारी पहाटे चारला निघायचं असे.
झाकण उघडल्यावर नुसत्या वासावरून सांगायचा:
हा तानात, पाऊस लागलेला, घाईत तोडलाय.
लोक हसायचे, मग पिऊन पाहायचे, मग गप्प व्हायचे.
चवीचं विचारलं की खांदे उडवायचा,
बगलेतला येर्बाचा थर्मॉस सावरायचा.

गेल्या वर्षी डोळे गेले. म्हणजे तसे गेले नाहीत,
कडेकडेने विरले, जुन्या चादरीसारखे.
बाईंनी परवाना मागून घेतला, टेबलाच्या खणात टाकला.
तीन दिवस तो अंगणातल्या उभ्या गाडीत
चाकावर हात ठेवून रेडिओ ऐकत बसला.
जेवण तिने खिडकीतून दिलं.
काही बोलली नाही.

पण खाटकाच्या मुलीकडे मंगळवारी, गुरुवारी
ती 'शिवणाला' जाऊ लागली.
त्रेसष्टाव्या वर्षी क्लच म्हणजे काय,
उलटी गाडी लावताना मान कुठे वळवायची.
दोनदा नापास. एकदा तर खांबच पाडला,
प्लास्टिकचा होता म्हणून बरं.
तिसऱ्यांदा परीक्षकच कंटाळला असेल.
परवाना साखरेच्या डब्यात आहे,
साखरेखाली, पिशवीत गुंडाळून.
त्याला साखर वर्ज्य आहे, तो डबा उघडत नाही.

आता ती खिडकीतून हाक मारते,
"वॉशिंग्टन, तानात कसा लागतो रे जिभेला?"

तो दोरीवरचे कपडे चाचपतोय,
कुठले वाळले, कुठले ओले.
"तुरट म्हणतात. मला काय विचारतेस?
मी चालवणारा माणूस."

नेलिदा तिसऱ्या शनिवारापुढे लिहिते:
ग्लास एकच.
मग पेन्सिल जिभेला लावून, जरा ठळक:
चालक, नेलिदा.
आणि त्याखाली, जागा उरलीच आहे म्हणून,
येताना कोंबड्यांचं खाद्य. दोन पोती.