अकरा फूट हेड

जामनेर रोडला चिरमाडे डॉक्टरीणबाईंची लॅब
रस्त्याच्या पोटात आहे.
चौदा पायऱ्या उतरल्या की भुसावळ वरच राहतं,
मे महिन्यासकट.
खाली दोन एसी, रक्ताच्या नळ्या, गार फरशी
आणि भिंतीपाशी एक निळी बादली,
जिच्यात दिवसभर
टप्.

पाण्याला उतार कळतो, चढ कळत नाही.
मशीन खाली, नाली वर.
दोन वर्षं हा हिशोब बादलीने मिटवला होता.

डॉक्टरीणबाईंनी मोबाईलवर पंप दाखवला :
हा स्वस्त आहे, वीस फूट चढवतो म्हणे.
मी म्हटलं, मॅडम, चढवतो खरा,
पण खोक्यावरची उंची म्हणजे
जिथे पोचून पाण्याचा जीव संपतो ती उंची.
विसाव्या फुटाला थेंब नळीत उभा राहतो,
पुढे ना मागे.
आपल्याला अकरा फूट हवेत, शिवाय तीन एल्बो,
प्रत्येक वळण थोडं थोडं खातं.
दिवसाला पाणी किती पडतं?

त्यांना माहीत नव्हतं.
मला टनावरून काढता आलं असतं,
आयटीआयत तडवी सरांनी घोकून घेतलेलं कोष्टक
अजून पाठ आहे.
पण कोष्टकात तापीकाठची ओल नाही.

फडकं पिळता पिळता वेणूताई सपकाळे बोलल्या,
"आखाजीले अर्धी बादली. ते बी संध्याकायपोत.
पोयाले तीन.
आन पेशंटची गर्दी, दार उघड-झाक, उघड-झाक,
त्या दिवशी चार."

मी पेन काढलं.
पंधरा लिटरची बादली, दहा तासांचा दिवस.
आकडा त्यांच्या उजव्या खांद्यातून आला होता,
कॅटलॉगपेक्षा नेमका.
पंप मी चौथ्या बादलीचा घेतला.

टाकी लेव्हल लावून बसवली,
वाकडी बसली तर फ्लोट खोटं बोलतो.
एसीपासून टाकीपर्यंत नळीला बोटभर उतार.
पंपाखाली रबरी वायसर,
शेजारच्या खोलीत मॅडम पेशी मोजतात
आणि घरघर मोजणीत मिसळते.
चढत्या नळीला एनआरव्ही,
गेलेलं पाणी मागे वळता कामा नये.
राहिली तिसरी वायर, मशीन तोडणारी.
मॅडम म्हणाल्या, ती राहू द्या, खर्च वाढतो.
मी नाही राहू दिली.
पंप मेला तर एसीने गप्प बसावं,
एवढं तरी त्याला कळलं पाहिजे.
वेणूताईंना अशी वायर नव्हती.
मागच्या श्रावणात त्या दोन दिवस तापाने पडल्या,
पाणी फ्रिजच्या पायापर्यंत गेलं,
आणि पगारातून कापलं गेलं.
हे मला माझ्या हाताखालच्या गोकुळने सांगितलं,
त्याला चहावाल्याने.

चाचणी पाणी ओतून करतात.
"ताई, ओता."
त्यांनी बादली ट्रेमध्ये रिती केली,
हळू,
पाव्हण्याच्या हातावर ओततात तशी.
फ्लोट उठला. पंप खाकरला.
पारदर्शक नळीतून एक बुडबुडा चढत गेला,
तिसरी पायरी, सातवी, अकरावी,
आणि वरून गोकुळ ओरडला, आलं!

"माह्यापेक्षा लवकर गेलं," वेणूताई म्हणाल्या.
मग रिकामी बादली उचलून
चौदा पायऱ्या चढल्या,
नालीपाशी ती उपडी केली, झटकली,
आणि तिथेच थांबल्या.
बादलीत काही नव्हतं हे
त्यांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

बिलात मी पंप लिहिला, नळी, एल्बो, मजुरी,
आणि खाली वेगळे, मोजमापाचे दोनशे.
मॅडमनी चष्मा वर केला.
मोजमाप? ते कधी केलंत तुम्ही?

मी नाही, मी म्हटलं,
आणि पायऱ्यांकडे बघितलं.
त्या अजून वरच होत्या.