मिठाचे डोळे

कोल्चानीत आम्ही त्यांना डोळेच म्हणतो.
पांढऱ्या पठारात मध्येच उघडी राहिलेली भोकं,
खालून बुडबुडे येत असतात,
आणि काठाला पापणीसारखा मिठाचा पातळ पापुद्रा.
पाऊल पडलं तर पडलं.
बेर्नाबेचा ट्रक मागच्या चाकांनी असाच बसला,
अजून कुणी ना कुणी त्याला स्टेपनीबद्दल विचारतं.

माझ्या बापाला ते लांबून दिसायचे.
एउसेबिओ कोल्के: चाळीस वर्षं कुऱ्हाड आणि फावडं.
पांढऱ्यात पांढरं कुठे जरा दुधाळलंय,
कुठे निळ्याची नुसती चाहूल आहे,
टपावर बसून तो हात करायचा, डावीकडे.
म्हणून चष्मा नको.
काळ्या काचेतून मीठ म्हणजे राख, म्हणायचा,
राखेत मी काय वाचू?

आता त्याच्या उजव्या डोळ्यात वडस आलंय.
नाकाकडून निघालेलं, लालसर,
माशीच्या पंखाइतकं पातळ,
बुबुळाच्या उंबऱ्याशी येऊन थांबलेलं.
उयुनीच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या हातात आरसा दिला.
टोपी वरचं ऊन अडवते, म्हणाल्या,
मिठावरून उलटं येतं त्याचं काय?
बाप म्हणाला, इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नाही.

हे खोटं.
आईनं सांगितलं होतं.
तोंडभर येईल अशी लोकरी टोपी विणली होती तिनं,
डोळ्यांपुरती फट ठेवून.
लामाची चरबी डबीत गोठायची,
ती डबी काखेत धरून मऊ करायची
आणि त्याच्या फुटलेल्या ओठांना लावायची.
बोटाला उरलंसुरलं स्वतःच्या गालांना.

कानाच्या पाळीवरची खपलीही बाईंनी पाहिली.
कधीपासून आहे?
बापानं माझ्याकडे पाहिलं,
मी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे.
तुकडा कापून बाटलीत घातला, पोटोसीला पाठवला.
एकवीस दिवस.
एकवीस दिवस मी गॅसच्या ज्योतीवर
मिठाच्या पिशव्यांची तोंडं चिकटवत होते,
दिवसाला हजार, बाराशे,
आणि एकही पिशवी अशी नाही
की जिच्यात तो कान नव्हता.

फोन आला. वाईट नाही.
अजून नाही, असं म्हणाल्या खरं तर.
तो ‘अजून’ मी घरी सांगितलाच नाही.

जानेवारीत पठारावर पाणी येतं, घोट्याएवढं.
टायरांचे वळ, कुऱ्हाडींचे घाव, सगळं विरघळतं,
मग उन्हात नवी साय धरते, कोरी, षट्कोनी.
मीठ दरवर्षी कात टाकतं.
बाप हाताच्या पाठीवरली कातडी चिमटीत धरतो, सोडतो,
ती थोडा वेळ तशीच उभी राहते.
हिला पाऊस पोचत नाही, म्हणतो,
आणि स्वतःच हसतो.

फार्मसीतली ट्यूब महाग.
तो रश्श्यात मीठ टाकावं तशी चिमूटभर घेतो.
मी त्याचं बोट धरून पुन्हा पिळते,
मान, कानामागे, नाकाचा शेंडा,
तो लहान पोरासारखा डोळे मिटून घेतो.
चरबीचा वास बरा होता, एवढंच म्हणतो.

मला त्रेचाळीसावं लागलं.
परवा ट्रकच्या आरशात
माझ्याच डोळ्याच्या कोपऱ्यात एक गुलाबी टोक दिसलं.
गुरुवारच्या बाजारात मी दोन चष्मे घेतले.
काळे नकोत, म्हटलं, तपकिरी द्या.
माझा लेक म्हणाला, आई, तू आता टूरिस्ट.

बापानं चष्मा घातला,
बराच वेळ काही बोलला नाही.
राख नाही, म्हणाला मग,
भाजलेल्या मक्याचं पीठ आहे.

आणि पलीकडच्या ढिगांकडे निघालो तेव्हा
त्यानं अचानक हात केला, डावीकडे.
मी ब्रेक दाबला. मला काहीच दिसत नव्हतं.
उतरले, पहार घेऊन चार पावलं गेले, टोचली.
कोपरापर्यंत आत गेली.

परत येऊन मी काचा पुसल्या,
आधी त्याच्या,
मग माझ्या.