खांद्यावरचा हात

ठाण्यातून निरोप आला की मी तिपाई घेत नसे.
कॅमेरा गळ्यात, फ्लॅश पिशवीत, पिशवी सायकलच्या दांडीला.
निपाणीत तेव्हा ठाण्याचा फोटोवाला मी एकटाच.
एक समोरून, एक कडेनं.
छातीशी पाटी, पाटीवर खडूनं नंबर,
नंबराखाली नाव, कन्नडमध्ये,
हवालदाराच्या कानाला लागलं तसं.

हनुवटी वर घ्या, म्हणायचो.
लग्नातही हेच म्हणायचो,
आणि कैकदा माणूसही तोच असायचा.

परवा दुकानात एक बाई आली.
बेनाडीची. हातात सरकारी लखोटा, घामानं मऊ झालेला.
"भरमू सुळगेकराची मी थोरली, गौरव्वा.
बा गेले. वर्षश्राद्ध आलंय.
घरात फोटो न्हाई ओ त्यांचा, एक बी."

त्या दिवसानंतर म्हणे ते कॅमेऱ्यासमोर उभेच राहिले नाहीत.
तिच्या लग्नात मांडवामागं, आचाऱ्याच्या चुलीशी बसून होते.
आधारलाही गेले नाहीत.
रेशन बंद झालं तरी नाही.

म्हणून तिनं ठाण्यात अर्ज टाकला होता,
दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून:
तुमच्या रजिस्टरात माझ्या बापाचा फोटो आहे, त्याची नक्कल द्या.
उत्तर कन्नडमध्ये आलं.
शेजारच्या शिवबसप्पांनी चष्मा पुसून वाचून दाखवलं:
ही त्रयस्थाची खाजगी माहिती आहे.
देता येत नाही.

"त्रयस्थ म्हंजे कोण?" तिनं विचारलं.
शिवबसप्पा म्हणाले, "तुझा बा."

मी काउंटरवरची धूळ पुसत राहिलो.

एक्क्याण्णव साल. तंबाखूच्या वखारीतली बोदं गेली होती.
ती भरमूनं नेली की नाही, मला ठाऊक नाही.
कोर्टानं दोन वर्षांनी नाही म्हटलं.
मी फक्त दिवा पाडला होता.

फक्त, म्हणतो मी.
त्याच संध्याकाळी कोल्हापूरच्या पेपरचा पोरगा आला होता,
आणि मी एक कॉपी जास्तीची काढली.
पंधरा रुपये.
कोगनोळीचा नाका माणसांना, ट्रकांना.
फोटोला कुणी थांबवलं नाही.
सकाळी एसटीतनं गठ्ठे उतरले तेव्हा
भरमू पहिल्या पानावर,
आणि खाली दोन शब्द, जे त्या पोराच्या मनचे होते.
सुटला, ते कुठल्याच पानावर आलं नाही.
चहाच्या गाड्यावर ज्यानं त्यानं पाहिलं तेव्हा
कुणीच त्याला खाजगी म्हटलं नाही.

निगेटिव्ह मी टाकत नाही.
बिस्किटांच्या डब्यात, सालावार.
तासाभरात सापडली. उजेडाला धरली:
काळा चेहरा, पांढरे डोळे, पांढरे केस.
माणूस उलटा असतो तोवर ओळखू येत नाही.

पोराकरवी मोठी करून घेतली.
पाटी कापली.
हनुवटीखाली तिचा उजेड राहिला, तो राहिलाच.
आणि डाव्या खांद्यावर एक हात,
कडेनं आत आलेला, मनगटापर्यंतच,
भरमूला सरळ उभा करणारा.

"हाही काढतो," म्हटलं.

ती पडद्यापाशी वाकली. बराच वेळ.
"कुणाचा ओ ह्यो?"

मला त्याचं नाव आठवत होतं, बक्कल नंबरही.
"असेल कुणी ओळखीचा," मी म्हणालो.

"मग ऱ्हाऊ दे की," ती म्हणाली.
"एकटेच कशाला दिसूंदेत."

फ्रेम केली. पैसे नको म्हटलं.
तिनं ऐकलं नाही, ठेवलेच,
आणि वर म्हणाली, "तुमचे उपकार झाले, मामा."

डबा अजून काउंटरवर उघडा आहे.
एक्क्याण्णवच्या आणखी तेवीस पट्ट्या.
जास्तीच्या कॉप्या किती काढल्या, ते कुठंच लिहिलेलं नाही.