गैरहजर किल्ली

रुस्तावीच्या मोटारबाजारात, टायरवाल्याच्या शेजारी
माझा पत्र्याचा खोका आहे. पाटीवर लिहिलंय:
नुक्री. किल्ल्या. रविवारीसुद्धा.

गाड्या येतात अमेरिकेहून, बोटीने, पोतीच्या बंदरात.
कुणाचा बंपर गेलेला, कुणाच्या एअरबॅगा
जिभेसारख्या बाहेर लोंबणाऱ्या,
आणि निम्म्यांना किल्लीच नसते.
असलीच तर तिच्या कडीला कधी
कुठल्याशा व्यायामशाळेचा बिल्ला,
कधी बाटली उघडायची चिमटी,
एकदा तर दुधाचा दात, काचेसारख्या थेंबात गोठवलेला.
तो ठेवलाय मी खणात.
आलंच कोणी मागायला तर.

लोकांना वाटतं, किल्ली म्हणजे पातं.
पातं मी चार मिनिटांत कापतो,
यंत्र किंचाळतं, भुगा उडतो, झालं.
पण प्लास्टिकच्या पोटात
तांदळाच्या कणीएवढी चिप असते,
ती गाडीच्या कानात आपलं नाव सांगते.
पटलं तर इंजिन चालू राहतं.
नाही पटलं तर दोन सेकंद धुगधुगी,
मग शांत.
गाडी दार उघडते, बसू देते,
नेत मात्र कुठेच नाही.

मार्चमध्ये लामारा आली. गोरीची,
पूर्वी शाळेत भूगोल शिकवायची.
किल्लीच्या बटणांवरचं रबर झिजून भोक पडलेलं,
त्यावर सायकलच्या ट्यूबचं ठिगळ.
"नवी कर. ही कधी दगा देईल, नेम नाही."
मी लॅपटॉप उघडला, स्टिअरिंगखाली वायर खोचली.
पडद्यावर आलं, नोंदलेल्या किल्ल्या: दोन.

दुसरी कुठाय?

"ग्दान्स्कला."
मुलगा, बेसो. फरशा बसवायला गेला.
विमानतळापर्यंत गाडी त्याने चालवली, येताना हिने.
त्याची किल्ली त्याच्या खिशातच राहिली.
तिसरा हिवाळा सरतोय.

मी सांगितलं, या गाडीची रीत कडक आहे, बाई.
नवी नोंदवायची तर सगळ्यांची हजेरी पुन्हा पहिल्यापासून.
जी समोर नाही, तिचं नाव कटलं.
"म्हणजे मेली?"
मेली नाही. गाडी ओळखणार नाही, एवढंच.
"आणि फरक काय?"

मी उगाच पेचकस शोधायला लागलो.

तिने फोन लावला. वाजत राहिला.
"तिकडे कामाची वेळ असेल," ती म्हणाली,
मी काही विचारलं नव्हतं.
पुन्हा लावला. मग पर्समध्ये टाकला, चेन ओढली.

"जुन्या किल्लीने दार तरी?"
उघडेल की. पातं तेच.
कुलपाला चिपचं सोयरसुतक नसतं.

तिने डॅशबोर्डवरच्या धुळीत बोटाने रेघ ओढली,
फळ्यावर नद्या दाखवायची, तशी.
"कुताइसीला विमान रात्री उतरतं.
तिथून मिनीबस. गोरीला पोचायला तीन, साडेतीन.
मला ऐकू कमी येतं, फाटक वाजवलेलं कळायचं नाही.
गाडी बाहेरच असते.
आत बसेल.
वारा तरी लागणार नाही."

मग म्हणाली, "कर."

दहा मिनिटं थांबावं लागतं. चोराचा संशय असतो गाडीला.
लाल दिवा लुकलुकत होता. टायरवाल्याचा हातोडा ऐकू येत होता.
तिने मला अर्धं सफरचंद दिलं, चाकूने सोललेलं,
साल तिने खाल्ली.
दिवा विझला.
ठिगळवाली: हजर.
नवी: हजर.
तिसऱ्यांदा पडद्याने काहीच विचारलं नाही.

पैसे मोजून दिले तिने, घासाघीस न करता.
पावतीवर मी लिहिलं, चालू किल्ल्या: दोन.
तिने चष्मा लावून वाचलं,
माझ्याच हातातलं पेन घेतलं
आणि दोनाचे तीन केले.

शिक्का मी त्यावरच मारला.